अर्ध्या तासाचे शास्त्र

सप्टेंबर उजाडला की सोसायटीच्या सूचनाफलकावर एक कागद लागतो. वर संस्थेचे नाव आणि नोंदणी क्रमांक, मग तारीख, वेळ, जागा (बहुधा गच्ची, पाऊस लांबला असेल तर खालचे पार्किंग), त्याखाली विषयपत्रिका. मागील सभेचे इतिवृत्त कायम करणे, हिशेबपत्रके मंजूर करणे, लेखापरीक्षक नेमणे, आणि सरतेशेवटी 'मा. अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळचे विषय'. हे सगळे संपले की सेक्रेटरींच्या सहीच्या जरा वर बारीक अक्षरांत एक टीप असते. गणपूर्तीअभावी सभा तहकूब करावी लागल्यास तीच सभा त्याच दिवशी, त्याच ठिकाणी, अर्ध्या तासाने घेण्यात येईल व तिला गणपूर्तीचे बंधन राहणार नाही.

विषयपत्रिका कोणी वाचो न वाचो, ही टीप सगळ्यांना पाठ असते. सभा दहाची लागली की ती साडेदहाची, हे नव्याने राहायला आलेल्या कुटुंबालाही शेजारचे पहिल्याच वर्षी सांगून टाकतात. दहाला गच्चीवर असतात सेक्रेटरी, खजिनदार, सतरंजी, भाड्याच्या खुर्च्या आणि वेळेवर येण्याची जुनी खोड असलेले एखादे निवृत्त काका. काका घड्याळ बघतात, सेक्रेटरी वहीत काहीतरी लिहितात, आणि साडेदहाला ज्या मोजक्या माणसांनी अजून चपला घातलेल्या नाहीत त्यांच्यासह संस्थेच्या लाखो रुपयांचा कारभार सुरू होतो.

हे पुस्तक त्या टिपेविषयी आहे. एका टिपेवर पुस्तक लिहायला निघालेल्या माणसाकडे लोक जसे बघतात तसे माझ्याकडेही बघून झाले आहे. पण गणपूर्ती, गणसंख्या किंवा सरळ बोलीत कोरम, हा विषय हातात घेतला की तो इतक्या दिशांना पसरतो की आवरायचा कुठे हाच प्रश्न पडतो. त्यात कायदा आहे, थोडे गणित आहे, पाली विनयग्रंथ आहेत, इंग्लंडच्या न्यायाधीशांच्या नेमणुका आहेत आणि आपल्या जिन्यातले रुसवेफुगवेही आहेत. आत येण्यासाठी वकिलीची सनद लागत नाही. सोसायटीच्या सभेला एकदा तरी उशिरा गेलेला कोणीही या अभ्यासाला पात्र आहे.

पहिली गोष्ट वाचकाने ही लक्षात घ्यावी की गणपूर्तीचा नियम हजर माणसांविषयी असल्यासारखा दिसतो, पण तो खरा असतो गैरहजर माणसांविषयी. जे आले ते आपले काय ते बोलतील, हात वर करतील, भांडतील. जे आले नाहीत त्यांच्या न येण्याचा अर्थ काय लावायचा? ते संमती देतात, नकार देतात, की त्यांना काही पडलेली नाही? प्रत्येक गणपूर्तीचा नियम या प्रश्नाचे एक उत्तर असतो, आणि ही उत्तरे एकमेकांशी जुळत नाहीत. ती का जुळत नाहीत, हे बघणे म्हणजेच हा अभ्यास.

आधी आपल्या घरचे उत्तर बघू. महाराष्ट्रातल्या सहकारी गृहनिर्माण संस्थांचा कारभार महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० या कायद्याखाली चालतो. त्याच्या ७२व्या कलमाप्रमाणे संस्थेची अंतिम सत्ता सर्वसाधारण सभेत असते. समिती ही तिची कारभारीण. आता ही अंतिम सत्ता किती माणसांत उतरते? आदर्श उपविधी सांगतात: एकूण सभासदांच्या दोन तृतीयांश किंवा वीस, यांपैकी जी संख्या कमी असेल ती.

हे वाक्य वाचून पुढे जाण्याआधी कागद-पेन्सिल घ्या. सात सदनिकांच्या इमारतीत पाच माणसे लागतात. बारांच्या इमारतीत आठ. अठ्ठावीस सभासद असतील तर एकोणीस, तीस असतील तर बरोबर वीस. इथे काटा थांबतो. साठ सदनिका असोत, दोनशे असोत, सहाशे असोत, आकडा वीसच. म्हणजे दादरच्या एखाद्या जुन्या तीन मजली इमारतीत बारातले पाच जण गावी गेले की सभा अडते, आणि ठाण्याच्या घोडबंदर रोडवर सहाशे घरांच्या संकुलात शेकडा तीन-साडेतीन माणसे जमली की सभा पूर्ण. लहान संस्थेला हा नियम कडक सासूसारखा वागवतो आणि मोठ्या संस्थेला लाडक्या जावयासारखा. दोन तृतीयांशचा अपूर्णांक भारदस्त दिसतो, पण तिसाच्या पुढे तो केवळ शोभेला उरतो.

'जी कमी असेल ती' या चार शब्दांकडे अभ्यासकाने प्रेमाने बघावे. आपल्या संविधानात याच्या बरोबर उलट शब्दयोजना आहे. लोकसभेची गणपूर्ती एक दशांश, तर राज्याच्या विधिमंडळासाठी १८९व्या अनुच्छेदात म्हटले आहे: दहा सदस्य किंवा एक दशांश, यांपैकी जी संख्या जास्त असेल ती. आपल्या विधानसभेत २८८ सदस्य, म्हणून तिथे एकोणतीस लागतात. विधान परिषदेत ७८, त्यांचा दशांश आठच्या घरात जातो, म्हणून तिथे दहा. सभागृह लहान झाले तरी आकडा एका पायरीखाली उतरू नये, ही संविधानकारांची काळजी. सोसायटीच्या उपविधीकारांची काळजी वेगळी होती: संस्था कितीही मोठी झाली तरी सभा अडू नये. ग्रामसभेची गणपूर्तीही सोसायटीच्या जातकुळीतली आहे. मतदारांच्या पंधरा टक्के किंवा शंभर, यांपैकी कमी ते. एकाला भीती मूठभरांच्या सत्तेची, दुसऱ्याला भीती ठप्प झालेल्या कारभाराची. कोणती भीती मोठी, हे ठरवले की आकडा आपोआप ठरतो.

आता थोडे मागे जाऊ, कारण हा विषय बिल्डरांच्या आधीचा आहे, फार आधीचा. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेतल्या आपल्या भाषणात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आठवण करून दिली होती की संसदीय कामकाजाची रीत भारताला नवी नाही. बौद्ध भिक्खुसंघांना ठराव, गणपूर्ती, पक्षप्रतोद, मतमोजणी, गुप्त मतदान हे सारे ठाऊक होते. हे वाक्य आपण अभिमानाने ऐकतो आणि तिथेच थांबतो. अभ्यासकाने पुढे जाऊन विनयपिटकातला महावग्ग उघडावा.

तिथे संघाचे आकारमानाप्रमाणे प्रकार सांगितले आहेत: चार भिक्खूंचा, पाचांचा, दहांचा, विसांचा आणि त्याहून मोठा. प्रत्येकाला कोणती कामे करता येतात हे ठरलेले. नेहमीची बरीचशी कामे चौघांत होतात. वर्षावासानंतरच्या पवारणेला पाच लागतात. मध्यदेशात नव्या भिक्खूला उपसंपदा, म्हणजे पूर्ण दीक्षा, द्यायची तर दहा. गंभीर दोष घडून प्रायश्चित्त भोगलेल्या भिक्खूला पुन्हा पूर्ववत सामावून घ्यायचे, ज्याला अब्भान म्हणतात, त्याला वीस. काम जितके परत न फिरवता येण्यासारखे, तितकी माणसे जास्त. आपल्या उपविधीतला वीस आणि हा वीस यांचा काही संबंध नाही, योगायोग आहे. पण मला तो योगायोग आवडतो.

त्याहून बारकाईची गोष्ट पुढे आहे. संख्या भरण्यासाठी कोणाला मोजायचे नाही, याची तिथे लांबलचक यादी आहे, आणि तिच्यात एक असामी अशी की ज्याच्यावर संघ कारवाई करत आहे तो स्वतः. त्याला चौथा धरून चौघांचा संघ होत नाही. आजही थकबाकीदारावर कारवाईचा ठराव असतो आणि त्याच थकबाकीदाराची हजेरीपटावरची सही गणपूर्तीसाठी मोजायची का, यावर वाद होतो; तो वाद किमान दोन हजार वर्षे जुना आहे. कमी पडणारी संख्या भरून काढणाऱ्याला तिथे गणपूरक असा शब्द आहे, आपल्या गणपूर्तीचा गोत्रजच म्हणा ना. शिवाय एक अट वेगळीच: ठरावीक सीमेच्या आत जेवढे भिक्खू आहेत त्यांनी सगळ्यांनी यायचे, आजारी असेल त्याने आपली संमती दुसऱ्याबरोबर पाठवायची. ती न येता चौदा जण जमले तरी ती सभा अपुरीच, 'वग्ग'. म्हणजे चार-पाच-दहा हा आकडा किमान होता, पुरेसा नव्हता. संघाच्या दृष्टीने गैरहजेरी म्हणजे संमती नव्हती, नकारही नव्हता. ती तुटलेली कडी होती.

आणि एक कथा. अवंती देशात महाकच्चान थेरांकडे सोण कुटिकण्ण नावाचा तरुण उपसंपदा मागतो. दहा भिक्खू पाहिजेत. अवंती-दक्षिणापथात भिक्खू विरळ. दहा जण गोळा करायला तीन वर्षे लागतात. पुढे सोण बुद्धांच्या दर्शनाला जातो तेव्हा गुरूचा निरोप घेऊन जातो, आणि बुद्ध नियम बदलतात: सीमेवरच्या प्रदेशांत दहाऐवजी पाच चालतील, पण त्या पाचांत एक विनयधर, नियम जाणणारा, असलाच पाहिजे. गणपूर्ती कमी करण्याचा इतका जुना आणि इतका सुज्ञ दाखला माझ्या पाहण्यात दुसरा नाही. माणसे येत नाहीत म्हणून आकडा उतरवला, पण उतरवलेल्या आकड्याची भरपाई जाणकारीने केली. आपण सोसायटीत आकडा शून्यावर आणतो आणि भरपाई कशानेच करत नाही.

गंमत अशी की इंग्रजी 'कोरम'ची जन्मकथाही जाणकारीचीच आहे. शब्द लॅटिन, अर्थ 'ज्यांच्यापैकी'. इंग्लंडचा राजा एखाद्या परगण्यात शांतता राखण्यासाठी न्यायाधीश नेमी, तेव्हा सनदेत पुष्कळ नावे असत आणि पुढे लिहिलेले असे की ज्यांच्यापैकी अमुक किंवा तमुक हजर असलाच पाहिजे. ते अमुक-तमुक म्हणजे कायदा शिकलेले. कोरम आधी माणसाचा होता, आकड्याचा नंतर झाला. शेक्सपिअरच्या 'मेरी वाइव्ह्ज ऑफ विंडसर' या नाटकात एक अर्धवट ज्ञानी पात्र त्या शब्दाचा उच्चार चुकवून 'कोरॅम' असा करते. तेव्हा तिसऱ्या मजल्यावरचे काका 'कोरम झाला का हो?' असे विचारतात तेव्हा ते उच्चाराच्या बाबतीत चांगल्या पंगतीला बसलेले असतात.

मधल्या काळाची हकीकत मी भराभर सांगतो, कारण ती ग्रंथांत सहज मिळते. सहकारी पतसंस्थांचा कायदा १९०४ साली आला, १९१२ साली त्याची कक्षा रुंदावली. बंगळूरची घरबांधणी सहकारी संस्था १९०९ची. मुंबईत गावदेवीला सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था १९१५ साली नोंदली गेली आणि तिच्यामागे श्रीपाद सुब्राव तालमकी होते. भाडेकरूंनी एकत्र येऊन स्वतःचे घरमालक व्हायचे, ही कल्पना त्या काळी धाडसाचीच. एक माणूस एक मत हे तत्त्व सहकारी संस्थांत तेव्हापासून चालत आले आहे. चारशे फुटांच्या खोलीलाही एक मत आणि दोन हजार फुटांच्या घरालाही एकच. १९७०च्या अपार्टमेंट मालकी कायद्याखाली, जो पुण्यात जास्त दिसतो, मत हिश्श्याच्या टक्केवारीने तोलले जाते. तिथे डोकी मोजायची की टक्के, हा प्रश्न गणपूर्तीतही येतो. या पुस्तकाचा भर मात्र सोसायटीवर आहे.

'होमओनर्स असोसिएशन', म्हणजे घरमालकांचा संघ, हे नाव ज्या देशातले आहे तिथे, म्हणजे अमेरिकेत, हा विषय आणखी टोकदार होतो. तिथल्या संघांत बदली मतपत्र, प्रॉक्सी, चालते आणि गणपूर्तीत धरलेही जाते. फ्लोरिडाचा कायदा उपविधीत कमी आकडा नसेल तर एकूण मताधिकारांच्या तीस टक्के मागतो. पुष्कळ संघांच्या जुन्या दस्तांत अर्ध्याहून अधिकांची अट आहे आणि ती काही केल्या भरत नाही, कारण कित्येक घरे गुंतवणूकदारांनी घेऊन भाड्याने दिलेली. मग निवडणुकीची सभा भरत नाही. नवे मंडळ निवडले जाईपर्यंत जुने मंडळ खुर्चीवर राहते. ज्यांना घरी बसायचे ते घरी बसतात आणि त्यांची गैरहजेरी, त्यांना न विचारता, आहे त्या मंडळाच्या पारड्यात पडते. कॅलिफोर्नियाने १ जानेवारी २०२४ पासून यावर उतारा काढला: निवडणुकीची सभा गणपूर्तीअभावी तहकूब झाली तर निदान वीस दिवसांनंतरच्या सभेला वीस टक्के पुरेत. उंच गणपूर्ती ही लोकशाहीची राखण करते असे वाटणाऱ्यांनी हे प्रकरण सावकाश वाचावे. उंच भिंत कधी चोराला अडवते, कधी आत बसलेल्याला लपवते.

त्याच देशाच्या प्रतिनिधिगृहात एके काळी गैरहजेरी हे हत्यार झाले होते, तेही हजर राहून! विरोधी सदस्य सभागृहात आपापल्या बाकावर बसत आणि नाव पुकारले की गप्प राहत. हजेरीत नाव नाही, म्हणून गणपूर्ती नाही, म्हणून कामकाज नाही. २९ जानेवारी १८९० रोजी सभापती टॉमस रीड यांनी गप्प बसलेल्यांची नावे स्वतःच मोठ्याने वाचून त्यांना हजर धरायला सुरुवात केली. एकाने हरकत घेतली, तेव्हा सभापतींनी विचारले की आपण इथे आहात हे खोटे आहे का. दोन वर्षांनी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ही मोजणी उचलून धरली. आपल्याकडे याच्या उलट करामत असते. हजेरीपटावर सही असते आणि माणूस नसतो. सही करून बटाटेवडा आणि चहा घेऊन, 'जरा बाजारात जाऊन येतो' म्हणून गेलेले सभासद साडेबाराच्या मतदानाला कुठे असतात हे त्यांच्या घरच्यांनाही सांगता येत नाही.

इथे अभ्यासातला एक खरा कूटप्रश्न उभा राहतो: गणपूर्ती सुरुवातीला असली की पुरे, की शेवटच्या ठरावापर्यंत टिकली पाहिजे? इंग्लंडमध्ये हार्टली बेअर्ड खटल्यात न्यायालयाने त्या कंपनीच्या नियमांच्या शब्दरचनेवरून सांगितले की काम सुरू होताना गणपूर्ती असली की झाले. मध्येच कोणी उठून गेला म्हणून सभा पडत नाही. आपल्या संसदेत असे नाही. गणपूर्ती नाही असे दिसले की सभापतीला बैठक तहकूब करावी लागते किंवा थांबवून ठेवावी लागते, म्हणून तर घंटा वाजवून सदस्यांना बोलावतात. सोसायटीत घंटा नसते. फार तर वॉचमनला वर पाठवतात.

आता त्या अर्ध्या तासाकडे परत येतो, कारण पुस्तकाचा जीव तिथे आहे. आदर्श उपविधी म्हणतात की ठरलेल्या वेळेपासून अर्ध्या तासात गणपूर्ती झाली नाही तर सभा तहकूब होईल. एक तर सूचनेत लिहिल्याप्रमाणे त्याच दिवशी नंतरच्या वेळेला, नाही तर सात दिवसांच्या आत नव्हे आणि तीस दिवसांच्या पलीकडे नव्हे अशा दुसऱ्या तारखेला. त्या तहकूब सभेला गणपूर्ती असो नसो, काम करता येते. दोन दारे आहेत हे नीट बघा. आपण सगळे पहिल्याच दारातून जातो. कंपनी कायद्यातही अर्धा तासच आहे, पण तिथली सभा साधारणपणे पुढच्या आठवड्यात त्याच दिवशी जाते. आणि भागधारकांनी स्वतः मागणी करून बोलावलेली सभा असेल तर ती रद्दच होते. मागणी करून बोलावता आणि येत नाही, मग कशाला हवी सभा, असा त्यामागचा साधा हिशेब.

या अर्ध्या तासाने काय होते? नियमाच्या मूळ कल्पनेत तो थांबण्याचा वेळ आहे: कोणाला उशीर झाला असेल, कोणाची बस चुकली असेल, येऊ द्या. व्यवहारात तो नियम विरघळवण्याचा वेळ झाला आहे. वीस माणसांची अट दहा वाजून तीस मिनिटांनी शून्य माणसांची होते. तेव्हा महाराष्ट्रातल्या बहुतेक सोसायट्यांच्या वार्षिक सभा या कायद्याच्या भाषेत तहकूब सभा असतात. पहिली सभा कागदावर भरते आणि कागदावरच मिटते. इतिवृत्तात तिची नोंद दोन ओळींची.

शून्य म्हणजे अगदी शून्य का? हा विनोदी वाटणारा प्रश्न न्यायालयात जाऊन आलेला आहे. १८७६च्या शार्प विरुद्ध डॉस खटल्यात कॉर्नवॉलच्या एका खाणकंपनीची लंडनमध्ये सभा होती. आला एकच भागधारक. त्याने अध्यक्षपद घेतले, हिशेब मंजूर केले, भागधारकांकडून आणखी पैसे मागण्याचा ठराव केला आणि शेवटी अध्यक्षांचे, म्हणजे स्वतःचे, आभारही मानले. अपील न्यायालयाने म्हटले की सभा या शब्दालाच एकाहून अधिक माणसे लागतात. शब्दाने नियमाला वाचवले. मला नेहमी वाटते की त्या गृहस्थाला निदान सतरंजी तरी आपली आपण घालावी लागली असेल.

माझे मत मी लपवत नाही. गणपूर्तीचा आकडा वाढवा, ही मागणी दर काही वर्षांनी होते. ती मला पटत नाही. आकडा वाढला की न येणाऱ्याच्या हातात कुलूप येते. माझे म्हणणे त्या दुसऱ्या दाराविषयी आहे. लिफ्ट बदलणे, मोठी दुरुस्ती, राखीव निधीला हात घालणे अशा विषयांवर सभा तहकूब झाली तर ती सात दिवसांच्या पुढची लावावी, पुन्हा सूचना द्यावी, आणि मधल्या दिवसांत कोण का आले नाही हे समितीने विचारून यावे. उपविधी बदलण्याची गरज नाही. सूचनेतली टीप तेवढी बदलायची. हे ऐकून अनेक सेक्रेटरी माझ्याकडे दयेने बघतात, कारण त्यांना एकच सभा जमवताना नाकी नऊ येतात. त्यांचेही खरे आहे, आणि म्हणूनच पुस्तकात त्यांची बाजू मी माझ्याहून लांब मांडली आहे.

राज्य शासनाने एका विषयात हे दुसरे दार सक्तीने उघडले आहे: पुनर्विकास. सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ७९-अ खाली ३ जानेवारी २००९ रोजी काढलेल्या निर्देशांनी पुनर्विकासाच्या विशेष सभेला तीन चतुर्थांश सभासदांची गणपूर्ती मागितली. तहकूब सभेतही ती भरली नाही, तर सभासदांना पुनर्विकासात स्वारस्य नाही असे समजायचे आणि वर्षभर तो विषय आणायचा नाही. ४ जुलै २०१९च्या सुधारित निर्देशांनी गणपूर्ती दोन तृतीयांशावर आणली आणि ठरावाला एकूण सभासदांपैकी एक्कावन्न टक्क्यांची संमती मागितली. नीट बघा: तोच सभासद, तीच गच्ची, तीच रिकामी खुर्ची. रंगकामाचा ठराव असेल तेव्हा ती खुर्ची 'हो' म्हणते. इमारत पाडायचा ठराव असेल तेव्हा 'नाही' म्हणते. मुंबई उच्च न्यायालयाने पुढे हे निर्देश दिशादर्शक मानले, पूर्णपणे बंधनकारक नव्हे. त्यामुळे त्या 'नाही'चे वजन किती, हा वाद चालूच आहे, आणि त्याला पुस्तकात स्वतंत्र प्रकरण दिले आहे.

गैरहजराला शिक्षा करून पाहण्याचाही प्रयोग झाला. ९७व्या घटनादुरुस्तीनंतर २०१३ साली राज्याच्या कायद्यात क्रियाशील सभासदाची कल्पना आली: पाच वर्षांत निदान एका सर्वसाधारण सभेला हजर राहा. पाच वर्षांत एक! कायद्याने सभासदाकडून ठेवलेली ही अपेक्षा होती, आणि तीही अनेकांना जड वाटली.

मग मोजायचे कोणाला, यावर थोडे, कारण नवख्या अभ्यासकाची पहिली चूक इथे होते. गच्चीवर तीस माणसे दिसतात, पण गणपूर्ती झालेली नसते. त्यांत भाडेकरू असतात, ज्यांचे नाव भागपत्रावर नाही असे पती किंवा पत्नी असतात, परदेशातल्या मुलाचे कुलमुखत्यारपत्र पिशवीत घेऊन आलेले वडील असतात. सोसायटीत प्रॉक्सी चालत नाही, मुखत्यारपत्रावर सभेला बसताही येत नाही. भाग संयुक्त नावांवर असेल तर पहिल्या नावाचा सभासद, तो नसेल तर दुसरा. दोघेही आले तरी एकच. करोनाच्या वर्षांत शासनाने दूरदृश्य माध्यमातून सभा घ्यायला परवानगी दिली तेव्हा हजेरी अचानक वाढल्याचे मी माझ्या ओळखीच्या तीन-चार संस्थांत पाहिले. न्यू जर्सीतला मुलगा आता स्वतः पडद्यावर आला. पण कॅमेरा बंद ठेवून नुसते नाव झळकणारा चौकोन हजर मानायचा का? टॉमस रीड असते तर त्यांना काय विचारता आले असते, याचा मी बराच विचार केला आहे.

या क्षेत्रात पाऊल टाकणाऱ्याने आधी ग्रंथालयात जाऊ नये. आपल्या सोसायटीची जुनी इतिवृत्ताची वही मागावी. सभासदाला ती बघण्याचा हक्क आहे. प्रत्येक सभेच्या दोन वेळा टिपाव्यात, सूचनेतली आणि सुरू झाल्याची. हजेरीपटावर सह्या कोणत्या क्रमाने आहेत ते बघावे. पहिल्या पाच सह्या वर्षानुवर्षे त्याच असतात. ज्या वर्षी सह्या एकदम वाढल्या त्या वर्षी विषयपत्रिकेवर काय होते ते शोधावे. बहुधा पार्किंग सापडेल. मग महावग्ग, मग अधिनियम, मग खटले.

मी स्वतः असाच सुरू झालो. आमची इमारत बारा बिऱ्हाडांची, म्हणजे गणपूर्ती आठांची. एके वर्षी पाण्याच्या टाकीचा मोठा खर्च होता आणि आमच्या तेव्हाच्या सेक्रेटरी बाईंनी ठरवले की अर्ध्या तासाची टीप यंदा लिहायची नाही. दोन कुटुंबे गावाला, एक घर बंद, एक जण दवाखान्यात. उरले आठ, आणि आठव्या होत्या पहिल्या मजल्यावरच्या आजी. त्यांचे गुडघे गेलेले, गच्ची चौथ्या मजल्याच्या वर, लिफ्ट नाही. मुलगा म्हणाला, मी येतो की तिच्या वतीने. बाई म्हणाल्या, तुमचं नाव नाही हो भागपत्रावर. मग सतरंजी वरून खाली आली. आजींनी दार उघडे टाकून उंबऱ्याच्या आत आपली आरामखुर्ची लावून घेतली, आम्ही सात जण जिन्याच्या पायऱ्यांवर वर-खाली बसलो, आणि टाकीवर दोन तास भांडलो. आजींनी खर्चाच्या विरोधात हात वर केला. त्या सभेच्या इतिवृत्तात स्थळाच्या रकान्यात बाईंच्या सुवाच्य अक्षरात लिहिलेले आहे: 'पहिला मजला, जिना.'